आधी तू विचार

सटाणा, ता. बागलाण
तुळशीचं लग्न झाल्यानंतरचा आठवडा

चि. भाचीबाईस,

तुझा परवाचा निरोप ऐकला. खोली चांगली आहे, हीटर चालतो, विद्यापीठाची बस जवळून मिळते, हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी तू म्हणालीस, ‘पण आत्या, इथे मला कुणीच काही विचारत नाही.’ बाकीचं सगळं मी वहिनीला सांगितलं. हे एवढं माझ्याजवळ ठेवलं आणि त्यावरच लिहायला बसले आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवरचा सल्ला कानावरून जातो. कागदावरचा एखाद्या रविवारी, दुकानं बंद असताना, पुन्हा वाचता येतो.

तू सटाण्यात वाढलीस. इथे आपण कुणाला काही विचारायच्या आत लोकच आपल्याला विचारतात. एसटी स्टँडवर बॅग घेऊन उभी राहिलीस की ‘कुठे निघालीस गं, कुणाची तू?’ हे ठरलेलं. ताप आला की शेजारच्या काकू काढा घेऊन येतात. दाखला हवा असला की तहसीलमध्ये बाबांच्या ओळखीचं कुणीतरी निघतं. पुण्याला प्रवेश मिळाला तेव्हा खोली शोधायला मामा आले होते. तुझ्या गरजा तुझ्या तोंडून निघायच्या आधी कुणीतरी ओळखत आलं आहे. ही फार मोठी श्रीमंती आहे आणि तिची किंमत तुला आता कळते आहे. पण या श्रीमंतीत वाढलेल्या मुलांची एक सवय राहून जाते, स्वतः तोंड उघडून मागायची. ती तुला आता लावून घ्यायची आहे.

तिथे जर्मनीत आपणहून न विचारणं ही रीत आहे, आणि त्या रीतीत तुझ्याबद्दल आदर आहे. ज्याचं दार बंद आहे त्याला एकटं राहायचं असेल, असं ती माणसं धरून चालतात. आपण जाऊन चौकशी केली तर त्याच्या आयुष्यात लुडबुड होईल, असं त्यांना मनापासून वाटतं. तुझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीनं महिनाभरात ‘जेवलीस का’ विचारलं नाही, याचा अर्थ तिला तू नकोशी आहेस असा मुळीच नाही. तिचं दार वाजव. ‘मला हे पत्र कळत नाहीये, जरा बघतेस का?’ म्हण. तीच मुलगी हातातलं काम बाजूला ठेवून अर्धा तास तुझ्याजवळ बसेल, ओळ न् ओळ समजावेल, कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते पेन्सिलीनं खूण करून देईल. मी तिथे शिकत होते तेव्हा हे मला इतक्या वेळा दिसलं की त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरलेली नाही. विचारलं की ती माणसं पूर्ण लक्ष देतात. विचारायचं मात्र तुला.

सुरुवात सरकारी कागदांपासून कर. पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. ती तू पुण्याच्या एका सिनियरला सोबत नेऊन केलीस. ठीक आहे, पहिल्यांदा सोबत असावी. आता यापुढचं प्रत्येक काम एकटी जाऊन कर. आपल्या गावाचं दैवत कोण, आठव. देवमामलेदार यशवंतराव महाराज. 1870-71 च्या दुष्काळात लोक अन्नावाचून तडफडत होते तेव्हा या मामलेदारानं सरकारी खजिना त्यांच्यासाठी उघडला. त्यांच्या यात्रेत तू लहानपणी माझं बोट धरून फिरली आहेस. ज्या गावानं एका सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ बांधलं, त्या गावच्या मुलीनं सरकारी खिडकीसमोर घाबरून उभं राहायचं काही कारण नाही. टेबलापलीकडे माणूसच बसलेला असतो.

तिथल्या टेबलापलीकडच्या माणसाशी तुझी ओळख नाही आणि ओळखीची गरजही नाही. नियम लिहिलेला आहे, तो तुला सांगणं हे त्याचं काम आहे. जाताना काय विचारायचं ते जर्मनमध्ये एका कागदावर लिहून ने. पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र, विम्याचा कागद, घरमालकाचं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लाव. आणि ही शिस्त परकी आहे असं समजू नकोस. तुझ्या बाबांची निर्यातीची द्राक्षबाग आहे. बागेची नोंदणी करायची, कुठली फवारणी कधी केली ते वहीत लिहायचं, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, हे सगळं तू घरात बघत आलीस. 2010 साली क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडल्यानं युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना केवढा फटका बसला, ते बाबा अजून सांगतात. त्या वहीच्या पलीकडच्या टोकाला आता तू राहतेस. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या दुकानात द्राक्षांच्या डब्यावर ‘इंडियेन’ लिहिलेलं दिसलं तर फोटो काढून बाबांना पाठव. त्यांना किती आनंद होईल, मी सांगायला नको.

एक बारीक गोष्ट, पण अडवणारी. तिथल्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. तुझं नाव पेटीवर आणि बेलवर आहे ना? नसेल तर आजच वसतिगृहाच्या व्यवस्थापकाला सांग, नाहीतर बँकेचं, विम्याचं, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं पत्र परत जाईल आणि तुला कळणारही नाही. रोज पेटी उघड. तिथे अजूनही महत्त्वाचं ते कागदावर येतं, आणि पत्रात तारीख दिलेली असेल तर तिला धरून बसतात. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिना 18.36 युरोचं. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नकोस. ते शुल्क घरटी एकदा असतं, तेव्हा तुमच्या सामायिक घरात आधीच कुणी भरतंय का, हे विचार. पुन्हा तेच, विचार.

आता भाषेचं. वर्ग इंग्रजीत आहेत म्हणून जर्मन बाजूला ठेवू नकोस. पुण्यात तू ए-टू पातळीपर्यंत शिकलीस, आणि तिथे पहिल्या दिवशी बेकरीत बाईंनी दोन वाक्यं भराभर म्हटली आणि तुला एक अक्षर कळलं नाही. असंच होतं. वर्गातली भाषा सावकाश असते, रस्त्यावरची धावते. ‘बिट्टं लांगझाम’, म्हणजे जरा सावकाश, हे लाज न बाळगता म्हण. तू अडखळलीस की समोरचा चटकन इंग्रजीवर येईल. त्याला वाटतं आपण मदत करतोय. हसून सांग की मला जर्मन शिकायची आहे, चुकले तर सांगा. रोज त्याच बेकरीत जा, त्याच बाईंकडून पाव घे, आणि रोज एक वाक्य जास्त बोल. वयानं मोठ्या आणि अनोळखी माणसाला ‘झी’च, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणायचं, बरोबरीच्या मुलामुलींना ‘डू’, म्हणजे ‘तू’. कुणाला काय म्हणावं कळेना तर ‘झी’ म्हण. आदर जास्त झाला तर तिथेही कुणी रागावत नाही.

या बाबतीत मला नेहमी एक जर्मन माणूस आठवतो, आपल्याकडे आलेला. गुंथर सोन्थायमर. हायडेलबर्गला प्राध्यापक होते. मराठी शिकले, पुण्यात राहिले आणि धनगरांबरोबर माळरानावर हिंडले. त्यांच्या ओव्या, त्यांचे देव, त्यांचं भटकणं, हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घेतलं. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबावरचं त्यांचं पुस्तक जर्मनमध्ये 1976 साली निघालं. वारीवर त्यांनी चित्रपटही केला. 1992 मध्ये ते गेले. आपल्याकडे साक्रीच्या बाजूचे ठेलारी मेंढ्या घेऊन शेतात बसतात. त्यांच्या वाड्यावर जाऊन ‘तुमच्या देवाची गोष्ट सांगा’ असं आपल्यातल्या किती जणांनी कधी म्हटलं? जर्मनीतून आलेल्या माणसाला धनगरांकडे आपणहून कुणी बोलावलं नसणार. तो गेला, बसला, त्याने विचारलं, आणि त्या लोकांनी त्याला जीव लावून सांगितलं. तू त्याच्या देशात तसंच जा.

तू शिकतेस ते ग्योटिंगेन तर आपल्याला परकं नाहीच. फ्रांत्स कीलहॉर्न 1866 ते 1881 पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. युरोपातलं सगळं शिक्षण पाठीशी असताना हा प्राध्यापक पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरणातल्या शंका विचारत असे. पतंजलीचं महाभाष्य त्यांनी संपादित केलं, त्यात त्या बैठकींचा वाटा आहे. परत गेल्यावर ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले आणि 1908 मध्ये वारले तोवर तिथेच होते. आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मानाची डॉक्टरेट दिली तीही याच विद्यापीठानं, 1885 मध्ये. तू ग्रंथालयात बसशील तेव्हा हे लक्षात असू दे. त्या विद्यापीठाला पुण्याहून आलेल्या विद्येचा मान ठाऊक आहे.

अभ्यासाची घडी तिथे वेगळी आहे. तासाला हजेरी बहुधा घेत नाहीत, आठवड्याला चाचणी नाही, कुणी मागे लागत नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वर्ग सुरू होतात, फेब्रुवारी उजाडतो, आणि परीक्षा समोर येते. मधल्या काळात तू वाचलंस की नाही हे कुणीही पाहिलेलं नसतं. म्हणून दर आठवड्याचं वाचन त्या आठवड्यातच संपव. परीक्षेसाठी विद्यापीठाच्या फ्लेक्सनाऊ या ऑनलाइन प्रणालीवर वेगळी नोंदणी करावी लागते. वर्गात बसलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असं होत नाही. मुदत आजच शोधून भिंतीवर लावून ठेव. कुठल्या विषयाचे किती क्रेडिट पुण्यात धरले जाणार, ते इकडच्या समन्वयकाकडून लेखी मागव. नंतरचं तोंडी आश्वासन कामाला येत नाही. आणि गुण उलटे असतात, 1.0 सर्वांत वरचा, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. बाबांना हे आधीच समजावून ठेव.

प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते, श्प्रेखश्टुंडं म्हणतात. ती तुझ्यासाठीच ठेवलेली आहे. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलं असं मुलांना वाटतं. तिथे तसं कुणी समजत नाही. इमेल लिही, वेळ घे, दोन नेमके प्रश्न घेऊन जा. द्राक्षाच्या, कांद्याच्या, डाळिंबाच्या शेतीबद्दल तुला जे आतून माहीत आहे ते तिथल्या वर्गात बहुतेक कुणालाच माहीत नाही. डाळिंबावर तेल्या रोग आला की एका हंगामात बाग कशी हातची जाते, अर्ली द्राक्षाची छाटणी करून शेतकरी पावसाशी कसा जुगार खेळतो, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. सेमिनारमध्ये हात वर कर आणि ते सांग. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे.

आणि समोरच्या विद्वानाचं म्हणणं पटलं नाही तर? तेव्हाही गप्प बसू नकोस. इरावती कर्व्यांची गोष्ट तुला माहीत आहे, पण तिचा जर्मनीतला भाग मला मुद्दाम सांगायचा आहे, कारण तुझ्या वयाच्या मुलीला तो कुणी नीट सांगत नाही.

1928 साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या. नवरा दिनकर कर्वे स्वतः लाइपझिगला रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यांचा पूर्ण पाठिंबा. सासरे महर्षी कर्वे. स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी जन्म वेचला, पण सुनेच्या या जाण्याला त्यांची संमती नव्हती. पैशाची सोय जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून झाली. तेव्हा बोटीचा प्रवास, महिना-महिना पत्राची वाट, घरचा आवाज ऐकायचा म्हटलं तर मार्ग नाही. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्रातलं त्या काळचं मोठं प्रस्थ. वंशावंशांत उच्चनीच असतं हे त्यांचं मत होतं आणि पुढे नाझी राजवटीनं त्यांच्या विचारांचा आधार घेतला. त्यांनी या पंचविशीच्या आतल्या मराठी मुलीला विषय दिला, मानवी कवटीची असममिती. गोऱ्या युरोपियनांच्या कवट्यांत डाव्या-उजव्या बाजूंत फरक जास्त, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असं सिद्ध होईल अशी अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. आपल्याला आवडेल ते किंवा गुरूला आवडेल ते न लिहिता, मोजमापातून आलं ते लिहिलं. कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. परका देश, परकी भाषा, हातात कर्जाचे पैसे, पदवी देणारा माणूस समोर, आणि त्याला त्याच्याच संस्थेत बसून सांगायचं की तुमचं म्हणणं आकड्यांत सापडत नाही. डॉक्टरेट घेऊन त्या 1930 मध्ये परत आल्या. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनातली जी निर्भयता आपण वाचतो, ती बर्लिनच्या त्या खोलीत कवट्या मोजताना पक्की झाली. पाहुणी म्हणून गेलेल्या मुलीनं यजमानाच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावली पाहिजे असं काही नाही. पुरावा हातात असेल तर शांतपणे, आवाज न चढवता, बोल. आज जर्मनीत अशा बोलण्याची कदर होते. तासाच्या शेवटी विद्यार्थी बाकावर बोटांची पेरं ठोकून दाद देतात, तशी एखाद दिवशी तुला मिळेल.

तसं बोलू न देण्याचा काळही तुझ्या ग्योटिंगेननं पाहिला. 1933 साली एमी नोएथर, माक्स बॉर्न असे गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे श्रेष्ठ शिक्षक ज्यू म्हणून ग्योटिंगेनच्या विद्यापीठातून काढले गेले. जेम्स फ्रांक यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. मे महिन्यात गावात पुस्तकं जाळली. जगातलं पहिल्या क्रमांकाचं गणिताचं केंद्र काही महिन्यांत रिकामं झालं. जर्मन माणसं हा इतिहास शाळेत शिकतात आणि लपवत नाहीत. तुझ्या वर्गातल्या मुलांशी ओळख वाढली की त्यांच्याकडून ऐक. आपल्या देशाबद्दल ते काही टोचणारं बोलले तर तेही ऐकून घे आणि तुला खरं वाटतं ते सांग.

कधी बसमध्ये, रस्त्यात रंगावरून कुणी घाण बोलेल. तसं होऊ नये अशी माझी प्रार्थना आहे, पण होतं, आणि ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. उत्तर देत बसू नकोस, माणसं असतील तिथे जाऊन उभी राहा, शेजारच्याला मोठ्यानं सांग की हा माणूस मला त्रास देतोय. पोलिसांचा नंबर 110, रुग्णवाहिकेचा 112. आणि घरी आल्यावर ते मनात ठेवू नकोस, विद्यापीठातल्या जबाबदार माणसाला लेखी कळव.

घरातलं, म्हणजे स्वयंपाकघरातलं. सामायिक स्वयंपाकघर हे तुझं खरं अंगण आहे, खोलीत ताट नेऊन जेवू नकोस. काळ्या मसाल्याची फोडणी देताना खिडकी उघड, झाकण ठेव, धुरानं अलार्म वाजला तर सगळी इमारत खाली उतरते. कचऱ्याच्या पेट्या वेगळ्या असतात, कुठल्या रंगात काय टाकायचं ते भेटेल त्या पहिल्या मुलीलाच विचारून भिंतीवर लिहून ठेव. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर 25 सेंट अनामत असते, फेकू नकोस, दुकानातल्या यंत्रात टाकून परत घे. रात्री दहानंतर आवाज नाही. साफसफाईच्या पाळ्या लावलेल्या असतील, आपली पाळी चुकवायची नाही. तिथल्या शेजारणीचा विश्वास गोड बोलण्यापेक्षा धुतलेल्या ओट्यावर जास्त बसतो.

मग एका शनिवारी त्यांना जेवायला बोलाव. ‘कधीतरी ये’ म्हटलं तर कुणी येणार नाही. वार आणि वेळ सांग, चार दिवस आधी सांग. वांग्याचं भरीत कर, ते सगळ्यांना आवडतं, तिखट मात्र आपल्या निम्मं. त्यांनी बोलावलं तर सांगितलेल्या वेळेला पोच, काहीतरी हातात घेऊन जा. तू मांस खात नाहीस, हे बोलावणं आलं त्याच दिवशी सांग. संकोचानं सांगितलं नाहीस तर ताटावर बसून त्यांनाही अवघड होईल आणि तुलाही.

पैशांचं थोडं बोलते. तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात आणि तू प्रत्येक सफरचंदाचे रुपये करतेस, असं वहिनी म्हणाली. बाबांनी कसे पैसे उभे केले हे तुला ठाऊक आहे, म्हणून असं होतं. पण जेवण आणि थंडीचे कपडे या दोन गोष्टींत रुपये करायचे नाहीत. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, दुपारचं गरम जेवण जेव. चांगला कोट आणि पाणी न शिरणारे बूट घे, जुने मिळाले तर जुने घे, पण या आठवड्यात घे. आपल्या बागलाणातली थंडी सकाळी ऊन आलं की उतरते. तिथली दिवसभर हाडात राहते.

अंधाराचंही तसंच. घड्याळं मागे गेली, आता तिथे पाचच्या आत दिवस मावळतो. पहिल्या हिवाळ्यात आपल्याकडच्या मुलांची मनं यानं खचतात, आणि त्यांना वाटतं आपल्यातच काही उणं आहे. तसं नाही. शरीराला ऊन हवं असतं, ते मिळत नाही. दुपारी बारा ते दोनमध्ये ढग असले तरी बाहेर पड, चाल. संध्याकाळी एकट्या खोलीत बसायचं टाळ. विद्यापीठाच्या खेळांचे वर्ग फार स्वस्तात असतात, एखाद्यात नाव घाल. भारतीय मुलांचा ग्रुप असू दे, तिथे मराठी बोल, पुरणपोळी खा, पण आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी तिथेच गेल्या तर मे महिना येईल आणि तू जर्मनी खिडकीतून बघितलेली असेल.

झोप लागत नाही, भूक मरते, सकाळी उठवत नाही, असं दोन आठवडे चाललं तर विद्यार्थ्यांसाठीच्या समुपदेशकांकडे जा. श्टुडीरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तिच्याकडे ही सोय असते. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो, तितकंच साधं ते आहे. इथे कुणाला कळणार नाही, आणि कळलं तरी मी आहे.

घरच्या फोनबद्दल. तिथले दुपारचे तीन म्हणजे इथले साडेसात, वहिनीच्या हाताला तेव्हाच थोडी उसंत असते. रोज दहा मिनिटं बोल, दिवसभर व्हिडिओ चालू ठेवू नकोस. तू खोलीत आणि मन सटाण्याच्या ओसरीवर, असं झालं की दोन्हीकडचं काही धड होत नाही. पण जे बोलशील ते खरं बोल. बाबा रोज अहिराणीत ‘जेवनी का?’ एवढंच लिहितात आणि तू रोज हसरा चेहरा पाठवतेस. एखाद्या दिवशी लिही की आज जेवले नाही, रडू आलं. त्यांना त्रास होईल, हो. पण नुसते फोटो बघून त्यांना अजून जास्त काळजी वाटते, कारण आपली मुलगी काहीतरी झाकते आहे हे बापाला कळतं. खरं सांगितलंस की तेही खरं सांगतील, बागेचं, कर्जाचं, स्वतःच्या गुडघ्याचं. त्यांना तू आता मोठी झालेली हवी आहेस.

मार्गशीर्षात देवमामलेदारांची यात्रा भरेल आणि तुला फार चुकल्यासारखं होईल. त्या आठवड्यात मुद्दाम दोन बोलावणी ठरवून ठेव, एक तू देशील ते आणि एक त्यांच्या नाताळच्या बाजाराचं. त्या बाजाराला कुणाबरोबर जायचं, ते तूच विचारायचं आहेस.

पार्सल पुढच्या आठवड्यात टाकते. बिबडे, काळा मसाला, कुळीथ आणि बाजरीचं पीठ घालते आहे. वहिनीनं कढवलेलं तूप बाजूला काढून ठेवलं होतं, पण दुधाचे पदार्थ युरोपात पार्सलनं चालत नाहीत, म्हणून ते काढलं, पेढेही काढले. भेटवस्तूची किंमत 45 युरोच्या आत ठेवली की जकात लागत नाही, म्हणून यादी रुपयांत आणि युरोत दोन्हीकडे लिहिते. पार्सल जकात कार्यालयात अडलं तर तुला पत्र येईल. पासपोर्ट आणि यादी घेऊन जा, त्यांच्यासमोर उघडून दाखव, बिबडे म्हणजे काय ते तुझ्या जर्मनमध्ये समजावून सांग. आणि प्राध्यापकांची भेटीची वेळ कुठल्या वारी मिळाली, ते मला रविवारी कळव.

तुझी,
आत्या